पॅट्रोनी: पोस्टग्रेससाठी उत्तम टूल, पण तिसरी जागा तुम्हालाच शोधायची आहे

मोठ्या वेब ॲप्लिकेशनचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल, सर्व्हर स्वतःचे किंवा भाड्याचे असतील आणि रात्री-अपरात्री फोन उचलून निर्णय घेऊ शकणारी निदान तीन माणसं टीममध्ये असतील, तर पॅट्रोनी घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुख्य डेटाबेस सर्व्हर पडला की त्याची जागा आपोआप दुसऱ्या सर्व्हरला देणारं हे टूल आहे; या बदलाला फेलओव्हर म्हणतात. फुकट मिळणाऱ्या टूल्समध्ये इतक्या विचारपूर्वक लिहिलेलं दुसरं टूल आमच्या पाहण्यात नाही. मात्र पुण्यातल्या टीमच्या आराखड्यात एक चूक वारंवार दिसते: एक सर्व्हर हिंजवडीत, एक मुंबईत, मध्ये पॅट्रोनी. या मांडणीत पॅट्रोनी तुम्हाला वाचवू शकत नाही. ते का, यावरच या परीक्षणाचा मोठा भाग खर्च केला आहे.

झलांडो या कपडे विकणाऱ्या जर्मन ऑनलाइन कंपनीने कंपोझच्या गव्हर्नर या प्रकल्पावरून हे टूल बांधलं आणि २०१५ मध्ये खुलं केलं. पायथनमध्ये लिहिलेलं आहे, परवाना एमआयटी आहे. २०२४ मध्ये आवृत्ती ४.० आली. नवीन मांडणी करणाऱ्याने तिच्याहून जुनी आवृत्ती घेऊ नये.

काम नेमकं काय करतं

डेटाची कॉपी पॅट्रोनी करत नाही. ते काम पोस्टग्रेसचं स्वतःचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशनच करतं: लिहिणं स्वीकारणारा सर्व्हर म्हणजे प्रायमरी, त्याची ताजी नक्कल ठेवणारे बाकीचे म्हणजे रेप्लिका. पॅट्रोनी प्रत्येक डेटाबेस सर्व्हरवर बसतं, पोस्टग्रेस चालू-बंद करण्याचा ताबा घेतं आणि ‘आत्ता प्रायमरी कोण’ याची एकच नोंद ईटीसीडीत, म्हणजे अनेक सर्व्हरवर मिळून चालणाऱ्या एका छोट्या नोंदवहीत, ठेवतं. त्याऐवजी कॉन्सल, झूकीपर आणि कुबरनेटिसही चालतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तशी ही नोंद आहे. फक्त हा रुमाल दर १० सेकंदांनी पुन्हा टाकावा लागतो, आणि ३० सेकंद टाकला गेला नाही की जागा दुसऱ्याची. याची दुसरी बाजू जास्त मोलाची आहे: नोंद ताजी करता आली नाही तर जुना प्रायमरी स्वतःहून लिहिणं थांबवतो. एकाच वेळी दोन प्रायमरी होऊन दोन्हीकडे वेगवेगळ्या ऑर्डर लिहिल्या जाण्याची आपत्ती त्यामुळे टळते.

हे पायउतार होणं पॅट्रोनीची प्रोसेस जिवंत असेपर्यंतच चालतं. तीच लटकली आणि पोस्टग्रेस चालू राहिलं तर काय? त्यासाठी वॉचडॉग आहे. ठरलेल्या वेळेत पॅट्रोनीकडून हाक आली नाही तर तो सर्व्हरच रीबूट करतो. याचं मूळ सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ असतं, म्हणजे वॉचडॉग सापडला तर वापरायचा, नाही सापडला तर गपचूप पुढे जायचं. पैशांचे व्यवहार असलेल्या ॲप्लिकेशनला ते ‘रिक्वायर्ड’ करा. लिनक्सचं सॉफ्टडॉग (सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग) मॉड्यूल बूट होताना लोड होतंय आणि वॉचडॉगच्या डिव्हाइस फाइलवर पोस्टग्रेस युजरला हक्क आहे, हे दोन्ही रीबूट करून तपासा. हक्क हाताने दिलेला असतो आणि रीबूटनंतर उडून जातो. हीच इथली नेहमीची चूक.

सेकंदांचा हिशेब

मूळ सेटिंग अशी: टीटीएल (नोंदीची मुदत) ३०, लूप वेट (दोन फेऱ्यांमधलं अंतर) १०, रिट्राय टाइमआउट (अयशस्वी हाक पुन्हा करत राहण्याची मुदत) १० सेकंद. नियम असा की लूप वेट अधिक दोनदा रिट्राय टाइमआउट ही बेरीज टीटीएलपेक्षा जास्त होता कामा नये. मूळ आकडे बरोबर काठावर बसतात. त्यामुळे फेलओव्हर लवकर व्हावा म्हणून कोणी नुसता टीटीएल कमी केला की गणित बिघडतं. २० सेकंद हवे असतील तर लूप वेट ५ आणि रिट्राय ७ करा, बेरीज १९ होते. टीटीएल २० च्या खाली नेता येत नाही, आणि ती मर्यादा योग्यच आहे.

सर्व्हरची वीज गेली तर मूळ सेटिंगवर नोंद संपायला २० ते ३० सेकंद, रेप्लिकाच्या बढतीला काही सेकंद आणि ॲप्लिकेशनची कनेक्शन प्रायमरीकडे वळवणाऱ्या एचएप्रॉक्सीला नवा प्रायमरी मान्य करायला आणखी काही. एकूण ३० ते ४५ सेकंद धरा. वर्षाला ९९.९९ टक्के उपलब्धता म्हणजे साधारण ५२ मिनिटं बंद, ९९.९५ टक्के म्हणजे ४ तास २३ मिनिटं. असे दोन-चार फेलओव्हर त्यात सहज बसतात. वेळ खाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात.

त्यातली पहिली प्रायमरी स्टार्ट टाइमआउट. सर्व्हर शाबूत आहे पण पोस्टग्रेस क्रॅश झालं, अशा वेळी पॅट्रोनी आधी तेच पुन्हा उठवायचा प्रयत्न करतं, आणि त्यासाठी मूळ मुदत ३०० सेकंद आहे. बिझी डेटाबेसला क्रॅश रिकव्हरीत काही मिनिटं सहज लागतात, आणि तेवढा वेळ ताजी रेप्लिका शेजारी नुसती बसून राहते. सिंक्रोनस रेप्लिकेशन (रेप्लिकाची पोच आल्यावरच व्यवहार पक्का) असेल तर हा आकडा ० करा, लगेच फेलओव्हर होईल. असिंक्रोनस (पोचेची वाट न पाहणारं) असेल तर ० करणं म्हणजे शेवटच्या काही व्यवहारांवर पाणी सोडणं. तिथे ३० ते ६० ठेवा.

तिसरी जागा

ईटीसीडीला निर्णयासाठी बहुमत लागतं, ३ पैकी २ किंवा ५ पैकी ३. ठिकाणं दोनच असली की बहुमत त्यातल्या एकाच ठिकाणी बसतं. समजा हिंजवडीत २ नोड आणि मुंबईत १. हिंजवडी बंद पडली तर मुंबईकडे एकच मत उरतं, आणि तिथली रेप्लिका कितीही ताजी असली तरी तिला बढती मिळत नाही. उलटं करून मुंबईत २ ठेवले, तर नुसती मधली लिंक तुटली की हिंजवडीतला धडधाकट प्रायमरी पायउतार होतो. दोन्हीकडे दोन-दोन ठेवून चार नोड केले तर आणखी वाईट: बहुमताला ३ लागतात, त्यामुळे कुठलंही एक ठिकाण गेलं की सगळंच थांबतं.

उपाय महाग नाही. तिसऱ्या ठिकाणी डेटाबेस लागत नाही. ईटीसीडीचा एक नोड पुरतो: २ कोर, ४ जीबी मेमरी आणि चांगली एसएसडी. पण ती जागा खरोखर वेगळी हवी. क्लाउडवर असाल तर ती आयती मिळते. अझूरच्या पुण्यातल्या सेंट्रल इंडिया रीजनमध्ये तीन झोन आहेत, एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्येही तीन. तीन डेटाबेस तीन झोनमध्ये, प्रत्येक झोनमध्ये ईटीसीडीचा एक नोड, आणि विषय संपला. स्वतःचे सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असतील तर तिसरा नोड क्लाउडवर ठेवा. ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये ठेवू नका. पुण्यात देखभालीसाठीची वीजबंदी बहुधा गुरुवारी असते, आणि ऑफिसचा यूपीएस दिवसभर ओढत नाही. तो नोड आठवड्याच्या मधोमध गायब होणार आणि त्याच दिवशी दुसरा नोड कोणीतरी पॅचसाठी रीबूट करणार.

लाइनबद्दलही तेच. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या असं नव्हे. दोघांची फायबर एकाच डक्टमधून जात असेल, एकाच पुलावरून मुठा ओलांडत असेल, तर रस्ता खोदणारा एक जेसीबी दोन्ही तोडतो. करारावर सही करण्याआधी दोघांकडूनही मार्गाचा नकाशा लेखी मागा. नकाशा द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर ती लाइन स्वतंत्र नाही असंच धरून चाला.

दूरच्या शहरात आपोआप फेलओव्हर असावा का? आमचं मत ‘नाही’. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरची लिंक फक्त ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात त्यांच्या मायएसक्यूएलची जबाबदारी ऑर्केस्ट्रेटर या टूलने पश्चिम किनाऱ्यावर हलवली. दोन्हीकडे एकमेकांना ठाऊक नसलेलं लिखाण शिल्लक राहिलं, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं गेली. म्हणून दुसऱ्या शहरासाठी पॅट्रोनीचं स्टँडबाय क्लस्टर (सर्व्हरचा राखीव संच) वापरा. मुख्य क्लस्टर पुण्यात असेल तर मुंबई किंवा हैदराबादेत स्वतंत्र ईटीसीडीसह दुसरं क्लस्टर, जे मुख्य क्लस्टरकडून डेटा ओढत राहतं. त्याला बढती द्यायची ती माणसाने, विचार करून.

ईटीसीडीचा जीव डिस्कमध्ये असतो. त्याच्या लॉगच्या एफसिंकला (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करण्याला) लागणारा वेळ ९९ टक्के वेळा १० मिलिसेकंदांच्या आत हवा. बसवण्याआधी एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या टूलने मोजा, नंतर देखरेखीच्या प्रोमिथियसवर कायम लक्ष ठेवा. ईटीसीडी आणि पोस्टग्रेस एकाच डिस्कवर ठेवलं की रात्री बॅकअप सुरू होतो, डिस्क तुंबते, ईटीसीडीला उत्तर द्यायला उशीर होतो आणि काहीही बिघडलेलं नसताना प्रायमरी पायउतार होतो. ‘दर रात्री दोनला फेलओव्हर होतोय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. आवृत्ती ३.० पासून फेलसेफ मोड आहे. ईटीसीडी गप्प झालं तरी प्रायमरीला बाकी सगळे पॅट्रोनी सदस्य थेट सापडत असतील तर तो पायउतार होत नाही. हा मोड सुरुवातीला बंद असतो. पहिल्याच दिवशी चालू करा. ईटीसीडीच्या डेटाची मूळ मर्यादा २ जीबी आहे. ती भरली की तो लिहिणं थांबवतो, म्हणून ऑटो कॉम्पॅक्शनही लावून ठेवा.

किती डेटा गेला तर चालेल

हा प्रश्न मॅनेजरला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मूळ सेटिंगमध्ये रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे. मॅक्सिमम लॅग ऑन फेलओव्हर (रेप्लिका किती मागे असली तरी बढती चालेल तो आकडा) १ एमबी आहे, त्यामुळे फार तर १ एमबी जाईल असा समज होतो. तो चुकीचा आहे. लॅग मोजला जातो तो प्रायमरीने ईटीसीडीत शेवटची नोंदवलेली जागा धरून, आणि ती नोंद दर लूपला एकदाच होते. म्हणजे वाईटात वाईट नुकसान १ एमबी अधिक शेवटच्या टीटीएलभर लिहिलेलं सगळं. सेकंदाला २० एमबी वॉल (बदलांचा लॉग) लिहिणाऱ्या डेटाबेसवर ते ६०० एमबीपर्यंत जाऊ शकतं.

पैसे, बुकिंग, परीक्षेचे अर्ज असल्या ॲप्लिकेशनला सिंक्रोनस मोड चालू करा आणि निदान दोन रेप्लिका ठेवा. एकच रेप्लिका असेल तर ती पडल्यावर पॅट्रोनी सिंक्रोनस अट काढून टाकतं आणि लिहिणं चालू ठेवतं. त्या काळात प्रायमरी गेला तर डेटा जातो. स्ट्रिक्ट मोड लावला तर अट निघत नाही, लिहिणंच थांबतं. आवृत्ती ४.० मधला क्वोरम मोड आम्हाला सर्वात आवडला: दोनपैकी जी रेप्लिका आधी पोच देईल तिच्यावर भागतं, त्यामुळे एखादी डिस्क मंद झाली तरी ग्राहकाला ते जाणवत नाही.

किंमत मिलिसेकंदांत मोजावी लागते. पुणे-मुंबई १५० किलोमीटर धरले तर काचेतून प्रकाशाला जाऊन यायलाच दीड मिलिसेकंद लागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. लिंकवर ४ मिलिसेकंद मोजले आणि एका क्लिकमागे तुमचा कोड २० वेगवेगळे कमिट करत असेल, तर ८० मिलिसेकंद वाढले. आधी कोड सुधारा, ते २० कमिट एका ट्रान्झॅक्शनमध्ये आणा. शिवाय पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट प्रत्येक ट्रान्झॅक्शनपुरतं बदलता येतं. पेमेंटला पूर्ण पोच, सेशन आणि लॉगला ‘लोकल’, अशी वाटणी करा.

ॲप्लिकेशनपासून डेटाबेसपर्यंत

पॅट्रोनीचा रेस्ट एपीआय पोर्ट ८००८ वर असतो. एचएप्रॉक्सीने तिथे ‘प्रायमरी’ हा पत्ता विचारायचा, २०० उत्तर आलं तर हाच प्रायमरी. तीन सेकंदांची तपासणी, तीनदा अपयश, दोनदा यश हे आकडे ठीक आहेत. ‘ऑन मार्क्ड डाउन शटडाउन सेशन्स’ ही ओळ विसरू नका, नाहीतर जुनी कनेक्शन जुन्याच सर्व्हरला चिकटून राहतात. कीपअलाइव्हडचा तरंगता (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकणारा) आयपी क्लाउडवर बहुधा सरळ चालत नाही. प्रत्येक ॲप सर्व्हरवरच एक एचएप्रॉक्सी बसवणं आम्हाला जास्त पटतं, एक दुवा कमी होतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. सर्व्हरची वीज अचानक गेली तर तो कनेक्शन बंद झाल्याचं कोणालाच कळवत नाही. लिनक्सच्या मूळ सेटिंगवर पलीकडची बाजू पुन्हा पुन्हा पॅकेट पाठवत सुमारे १५ मिनिटं वाट पाहते. फेलओव्हर ४० सेकंदांत झाला, पण ॲप्लिकेशन पाव तास गोठलेलं! कनेक्शन स्ट्रिंगमध्ये टीसीपी युजर टाइमआउट १० ते १५ सेकंद द्या. जावा असेल तर जेडीबीसीचा सॉकेट टाइमआउट मूळात ०, म्हणजे अमर्याद असतो. तोही ठरवा, मात्र सर्वात लांब चालणाऱ्या क्वेरीपेक्षा जास्त.

पोस्टग्रेसचं प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक प्रोसेस. २० ॲप सर्व्हर आणि प्रत्येकी ५० चा पूल म्हणजे हजार, आणि फेलओव्हरनंतर ते हजार एकाच क्षणी नव्या प्रायमरीवर तुटून पडतात. मध्ये थोडी कनेक्शन अनेकांना वाटून देणारा पीजीबाउन्सर ठेवा, ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये. आवृत्ती १.२१ पासून त्यात प्रिपेअर्ड स्टेटमेंटही चालतात. पुन्हा जोडताना ॲप्लिकेशनने थोडा यादृच्छिक उशीर घालावा.

वाचनाचा भार दोन रेप्लिकांवर वाटत असाल तर बेरीज करून पाहा. दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो, त्या तासाला दोन्ही रेप्लिका ७० टक्क्यांवर आहेत, आणि प्रायमरी पडला. एका रेप्लिकाची प्रायमरी झाली, उरलेल्या एकटीवर १४० टक्के. म्हणजे दुसरा बळी ठरलेलाच. नेहमीच्या गर्दीत रेप्लिका ४० ते ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि तिन्ही सर्व्हर कोर, मेमरी, डिस्क सगळ्यांत सारखे घ्या. ‘रेप्लिका आहे, लहान चालेल’ ही बचत पहिल्या फेलओव्हरलाच महागात पडते.

डिस्क भरते ती अशी

रेप्लिकेशन स्लॉट हा दुधारी प्रकार आहे. मागे पडलेल्या ग्राहकासाठी (म्हणजे रेप्लिकासाठी किंवा डेटा ओढणाऱ्या टूलसाठी) प्रायमरी वॉल राखून ठेवतो, आणि तो ग्राहक परत आलाच नाही तर राखतच राहतो. डेटातले बदल दुसरीकडे पाठवणाऱ्या डेबेझियमसाठी कोणी पॅट्रोनीच्या कॉन्फिगरेशनमध्ये कायमचा लॉजिकल स्लॉट नोंदवला, प्रयोग सोडून दिला, स्लॉट तसाच राहिला. सेकंदाला २० एमबी म्हणजे तासाला ७२ जीबी. ५०० जीबी मोकळी डिस्क सात तासांत भरते, पोस्टग्रेस बंद पडतं, आणि असा स्लॉट दुसऱ्या सर्व्हरवरही असेल तर फेलओव्हरही वाचवत नाही. मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज मूळात अमर्याद असतो. त्याला मोकळ्या जागेच्या निम्म्याहून कमी मर्यादा घाला. मर्यादेपलीकडे रेप्लिका मागे पडली तर तिने पीजीबॅकरेस्ट या बॅकअप टूलच्या आर्काइव्हमधून वॉल उचलावा, अशी रिस्टोअर कमांड पॅट्रोनीत लिहून ठेवा.

रेप्लिका नव्याने बांधायला किती वेळ लागेल तेही आधीच काढा. २ टीबी डेटा, १ गिगाबिटची लिंक, सेकंदाला ११० एमबी: पाच तास. तेवढे तास तुम्ही एका रेप्लिकावर जगताय. १० गिगाबिटची लिंक आणि पीजीबॅकरेस्टचे समांतर प्रोसेस इथेच कामी येतात. आणि रेप्लिका असली तरी बॅकअप लागतोच. चुकून केलेला डिलीट रेप्लिकापर्यंत क्षणात पोचतो.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांसाठी एक खास इशारा. मजकुराचा अनुक्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसी या लायब्ररीकडून घेतं, आणि ग्लिबसी २.२८ मध्ये हे अनुक्रम मोठ्या प्रमाणावर बदलले. प्रायमरी जुन्या लिनक्सवर आणि रेप्लिका नव्या लिनक्सवर असेल तर फेलओव्हरनंतर नावांवरचे इंडेक्स चुकीचं उत्तर देतात. नोंद टेबलमध्ये असते, शोधली की सापडत नाही. एररही येत नाही. तिन्ही सर्व्हरवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम, एकच आवृत्ती ठेवा.

खटकलेल्या गोष्टी

कॉन्फिगरेशन दोन ठिकाणी राहतं, आणि नवख्याला हे कोणी सांगत नाही. फाइलमधला बूटस्ट्रॅप विभाग क्लस्टर पहिल्यांदा जन्मताना एकदाच वाचला जातो. नंतर तिथे कितीही बदल करा, काही होत नाही. बदल करायचे ते पॅट्रोनीसीटीएल या कमांडच्या एडिट-कॉन्फिगने. रेस्ट एपीआयला सुरुवातीला पासवर्ड नसतो, म्हणजे नेटवर्कमधला कोणीही स्विचओव्हर (ठरवून केलेला प्रायमरीचा बदल) मागू शकतो. युजर, पासवर्ड आणि टीएलएस लावा. डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसची स्वतःची सिस्टमडी सेवा बंद करायला विसरलात तर रीबूटनंतर ती पॅट्रोनीच्या आधी डेटाबेस उठवते. आणि ‘पॉज’ हा मोड देखभालीसाठी उत्तम आहे, पण रिझ्यूम करायचं राहिलं तर आपोआप फेलओव्हर बंदच राहतो. क्लस्टर पॉजमध्ये अर्ध्या तासाहून जास्त राहिलं तर अलार्म वाजलाच पाहिजे. पॅट्रोनी तो आकडा मेट्रिक्समध्ये देतं.

चाचणी स्टेजिंगवर आणि मग एकदा प्रॉडक्शनवर, गणपतीच्या गर्दीच्या निदान महिनाभर आधी. दर १०० मिलिसेकंदांना एक ओळ लिहिणारी स्क्रिप्ट चालू ठेवा, म्हणजे किती वेळ बंद होतं आणि किती ओळी गेल्या हे दोन्ही कळतं. मग एकेक बिघाड करा: पोस्टग्रेसला किल-९, पॅट्रोनीला किल-स्टॉप देऊन गोठवणं, फायरवॉलने ईटीसीडीचा पोर्ट २३७९ अडवणं, सर्व्हर दुरून चालू-बंद करणाऱ्या आयपीएमआयवरून वीज तोडणं. नुसता स्विचओव्हर करून ‘चाचणी झाली’ म्हणू नका. त्यात जुना प्रायमरी नीट निरोप घेऊन जातो, खऱ्या बिघाडात तसं होत नाही.

हे सगळं सांभाळायला माणसं नसतील तर क्लाउड कंपनीच सांभाळते असा डेटाबेस, म्हणजे एडब्ल्यूएसचं आरडीएस किंवा अझूरचं फ्लेक्झिबल सर्व्हर घ्या. फेलओव्हरला तिथे साधारण एक ते दोन मिनिटं लागतात आणि खोलात हात घालता येत नाही, पण वॉचडॉग आणि ईटीसीडीची काळजी दुसरं कोणी करतं. टीसीपी टाइमआउटची मात्र तिथेही तुम्हालाच करावी लागते.

पॅट्रोनीची सर्वात कमकुवत बाजू म्हणजे पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलणं. त्यासाठी पॅट्रोनी थांबवायचं, पीजीअपग्रेड चालवायचं, ईटीसीडीतली क्लस्टरची जुनी नोंद काढायची आणि रेप्लिका नव्याने बांधायच्या. हे सगळं हाताने. बंद वेळ परवडत नसेल तर शेजारी नवं क्लस्टर उभारून लॉजिकल रेप्लिकेशनने डेटा न्यायचा. तसं करताना सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे आपोआप पुढे सरकत नाहीत, ते बदलाच्या क्षणी हाताने पुढे न्यावे लागतात, नाहीतर पहिल्याच इन्सर्टला डुप्लिकेट कीची एरर येते. सर्व्हरची खरेदी करतानाच या दुसऱ्या क्लस्टरला पुरेल इतकी डिस्क धरून ठेवा.